भुरट : दोन वाळवंटांचे धान्य

आश्विन लागला की थरच्या वाळूत चालणारा माणूस समोर कमी आणि पायाखाली जास्त बघतो. पावसाळा सरलेला असतो. धोऱ्यांवरचे, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरचे, हिरवे गवत पिवळे पडू लागलेले असते आणि त्याच्या तुऱ्यांतून सुटलेल्या काटेरी बोंड्या वाळूभर पसरलेल्या असतात. धोतराचा काठ, ओढणीचे टोक, मेंढीची लोकर, उंटाच्या पायाचे केस, जे जे घासून जाईल त्याला त्या चिकटतात. जोधपूर, बाडमेर, जैसलमेर, बिकानेर, चुरू या साऱ्या मुलखात या गवताला भुरट म्हणतात. बाजरीच्या शेतात उगवले की शेतकरी त्याच्या नावाने बोटे मोडतो, आणि लोकरीत अडकलेल्या बोंड्या काढता काढता मेंढपाळाचा जीव मेटाकुटीला येतो. याच बोंडीतला दाणा काढून, दळून, बाजरीच्या पिठात मिसळून त्या मुलखातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाल्ली आहे.

बोंडी हातात घेऊन नीट पाहण्यासारखी असते. आकाराने ती जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची. बाहेरच्या बाजूला आखूड, पसरलेल्या काट्यांचे एक कडे आणि आत उभ्या, चपट्या, रुंद काट्यांचे दुसरे कडे. हे आतले काटे बुडाशी एकमेकांना जुळलेले असतात, त्यामुळे त्यांची एक वाटी तयार होते. खरी मेख भिंगाखाली दिसते. आतल्या प्रत्येक काट्यावर उलट्या दिशेने वळलेले बारीक दात असतात. बुडाकडून टोकाकडे बोट नेले तर ते अडते, टोकाकडून बुडाकडे नेले तर सरकते. म्हणून काटा कातडीत जाताना सहज जातो आणि बाहेर येताना मांस धरून ठेवतो. वाळवंटात चालून आलेल्या माणसाच्या पायात मोडलेले टोक राहिले तर ती जागा दोन-तीन दिवस ठणकते. या सगळ्या बंदोबस्ताच्या आत एक ते तीन कणसुली असतात आणि त्यांत पिवळट, गुळगुळीत, बाजरीहून लहान असे दाणे असतात. वाऱ्यावर आणि जनावरांच्या अंगावर प्रवास करायचा, मिळेल त्या वाळूत रुतायचे आणि पुढच्या पावसाची वाट पाहायची, एवढ्यासाठी ही सारी रचना आहे.

शास्त्रीय जगात या गवताला सेंक्रस बायफ्लोरस म्हणतात. ते नाव विल्यम रॉक्सबर्ग यांनी दिलेले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे हे अधीक्षक १८१५ मध्ये वारले. त्यांच्या ‘फ्लोरा इंडिका’चा पहिला खंड त्यांच्या मृत्यूनंतर १८२० मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यात छापला गेला आणि त्यात भुरटीचे पहिले रीतसर शास्त्रीय वर्णन आले. या खंडाचे संपादक होते विल्यम केरी आणि नथॅनियल वॉलिक. केरी म्हणजे फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणारे, १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीत मराठी-इंग्रजी कोश छापणारे तेच केरी. मराठीचे छापील व्याकरण आणि या वाळवंटी गवताची पहिली नोंद एकाच माणसाच्या हाताखालून आणि एकाच छापखान्यातून बाहेर पडली, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

भुरट वर्षायू आहे. पश्चिम राजस्थानात पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्याही खाली जातो आणि तोसुद्धा चार-सहा झडींत पडून जातो. अशा ठिकाणी बारमाही गवताला खोल मुळे आणि मोठा धीर लागतो. वर्षायू गवत दुसरा मार्ग धरते. पहिल्या चांगल्या पावसानंतर ते झपाट्याने उगवते, ओल आहे तेवढ्या आठवड्यांत वाढते, तुरे काढते, बी टाकते आणि मरते. कोवळे असताना त्याचा चारा जनावरे आवडीने खातात. तुरे आले, बोंडी कडक झाली की तोंडात टोचते म्हणून टाळतात. बोंड्या गळून गेल्यावर उरलेला वाळका पाला पुन्हा चाऱ्याच्या उपयोगी पडतो. म्हणजे एकाच हंगामात हे गवत आधी चारा, मग उपद्रव, मग पुन्हा चारा असते. आणि मधल्या त्या उपद्रवाच्या काळातच माणसासाठी धान्य तयार होते.

ते धान्य कोण खात होते याची एक जुनी नोंद जेम्स टॉड यांची आहे. त्यांच्या राजस्थानविषयक ग्रंथाचा दुसरा खंड १८३२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बिकानेरच्या प्रकरणात वाळवंटात आपोआप उगवणाऱ्या गवतांची यादी आहे, आणि तिच्यात भुरटीचे नाव आहे. या गवतांचे बी बाजरीच्या पिठात मिसळतात आणि गरीब लोक ते भरपूर खातात, असे टॉड सांगतात. पुढे रानबोरे, कैराची फळे साठवून ठेवण्याची आणि खेजडीच्या शेंगा वाळवून त्यांचे पीठ करण्याची रीत येते. या वर्णनात दुष्काळाची चाहूल नाही. त्या प्रदेशाच्या नेहमीच्या जेवणाचे वर्णन करताना टॉड भुरटीचे नाव घेतात. पुढच्या दीडशे वर्षांत भुरटीविषयी जे लिहिले गेले त्यातून नेमकी हीच गोष्ट निसटत गेली, म्हणून ती सुरुवातीलाच ठळक करणे आवश्यक आहे.

दाणा काढणे हे बायकांचे काम, आणि ते सोपे नाही. कणीस खुडून आणले आणि झोडपले असे इथे होत नाही. पिकलेली बोंडी देठाला टिकत नाही, ती गळून वाळूवर पडते. वारा या बोंड्या खळग्यात, झुडपाच्या आडोशाला, कुंपणाच्या कडेला गोळा करतो आणि काटे एकमेकांत अडकून त्यांचे थर बसतात. ते थर झाडूने किंवा फांदीने ओढून गोळा करायचे, वाळू झटकायची, उन्हात कडकडीत वाळवायचे. मग कुटायचे. कुटल्यावर काटे मोडतात, वाटी फुटते, दाणा सुटतो. मग पाखडायचे आणि पुन्हा पाखडायचे, कारण मोडलेल्या काट्याचे एक टोक जरी पिठात राहिले तरी ते घशात टोचणार. इतके सगळे करून हाती येणारा दाणा मूठभर. तरीही तो गोळा केला जात होता, कारण त्याला नांगरट, पेरणी किंवा राखण लागत नव्हती, आणि बाजरी जळून गेलेल्या वर्षीही तो थोडाफार येत होता.

हेच गवत आफ्रिकेतही आहे. सहाराच्या दक्षिण काठाने सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेल्या साहेल पट्ट्यात भुरट इतकी आहे की तो पट्टा तिच्या नावाने ओळखला जावा. आणि एका अर्थाने तसे झालेही. सहारा नेमका कुठे संपतो हा भूगोलातला जुना वाद. रोबेर कापो-रे या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने १९५३ मध्ये फ्रेंच सहारावरच्या आपल्या पुस्तकात दक्षिण सीमेसाठी जी वनस्पतींची खूण मानली, तिच्यात हे गवत आहे. उत्तरेकडून येताना जिथे भुरट दिसू लागते तिथे सहारा संपून साहेल सुरू होतो. फ्रेंच बोलणारे तिला क्रम-क्रम म्हणतात, सुदानातले अरबी भाषक हस्कनीत आणि हौसा लोक करंगिया. ऑस्ट्रेलियात ती बाहेरून पोहोचली आणि तिथे तिचे नाव ‘गॅलनचा शाप’ असे पडले. त्यावरून तिथल्या गुराख्यांचे तिच्याविषयीचे मत कळते.

हाइनरिश बार्थ हा जर्मन प्रवासी १८५० मध्ये त्रिपोलीहून निघाला आणि सहारा ओलांडून, टिंबक्टूपर्यंत जाऊन, १८५५ मध्ये परतला. आफ्रिकेच्या अंतर्भागावर इतके बारकाईने आणि तिथल्या माणसांविषयी इतक्या आदराने लिहिणारा दुसरा युरोपीय त्या काळात सापडणे कठीण. वाटेत त्याला करंगिया भेटली आणि तिने त्याला चांगलेच छळले. हे काटे काढण्यासाठी त्या भागातला माणूस बारीक चिमटा जवळ ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, हे त्याने टिपले आहे. पण तो तिथेच थांबला नाही. बोर्नूपासून टिंबक्टूपर्यंतचे अनेक तुआरेग लोक कमीअधिक प्रमाणात याच गवताच्या बियांवर जगतात, हेही त्याने लिहून ठेवले. ज्या गवताचा काटा काढायला चिमटा लागतो तेच गवत त्या लोकांचे अन्न आहे, हे त्याला दिसले, आणि त्याने दोन्ही गोष्टी सारख्याच गांभीर्याने नोंदवल्या. टॉड आणि बार्थ एकमेकांपासून हजारो मैलांवर, दोन वेगळ्या वाळवंटांत, एकच गोष्ट पाहत होते.

साहेलमधल्या रानधान्यांचा पसारा भारतातल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. चाडच्या परिसरात अनेक रानगवतांचे बी एकत्र गोळा करून क्रेब नावाचे मिश्र धान्य बनवत आणि ते बाजारात विकायलाही येई. जॅक हार्लन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्यातला मोठा काळ पिकांच्या उगमाच्या शोधात घालवला. सहारा आणि साहेलमधल्या रानगवतांच्या कापणीवर त्यांनी १९८९ मध्ये एक सविस्तर लेख लिहिला. त्यातून एक गोष्ट स्वच्छ होते. रानगवताचे बी गोळा करणे हे त्या लोकांसाठी उपासमारीतले धडपडणे नव्हते. त्यासाठी वेगळ्या टोपल्या होत्या, ठरलेला हंगाम होता, साठवणीची जागा होती आणि खरेदी-विक्री होती. हार्लन यांनी त्याआधी तुर्कस्तानात रानगव्हावर एक प्रयोग केला होता. दगडी विळ्याने उभ्या रानगव्हाची कापणी करून त्यांनी वेळ आणि वजन मोजले, तेव्हा तासाला सुमारे एक किलो स्वच्छ धान्य मिळाले. १९६७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. भुरटीत इतके पदरात पडत नाही, तिचे काटे ते पडू देत नाहीत. पण शेतीबाहेरचे धान्य म्हणजे नेहमीच अपुरे आणि नाइलाजाचे असणार, ही समजूत मोडायला तो प्रयोग पुरेसा आहे.

भुरट आणि बाजरी यांचे नाते ही या विषयातली सर्वांत रंजक बाब. राजस्थानात भुरटीचे पीठ बाजरीच्या पिठात मिसळत आले. वनस्पतिशास्त्राने त्या मिश्रणावर फार उशिरा शिक्का मारला. बाजरी पेनिसेटम या प्रजातीत मोडते असे शंभरहून अधिक वर्षे शिकवले गेले. डीएनएच्या आधारे नाती तपासल्यावर ही प्रजाती सेंक्रसपासून वेगळी ठेवता येत नाही असे दिसले आणि २०१० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती सेंक्रसमध्ये विलीन केली. शेतीच्या पुस्तकांत जुने नाव अजून चालते, पण नव्या वर्गीकरणात बाजरी आणि भुरट एकाच प्रजातीत शेजारी बसतात. महाराष्ट्रातल्या माळरानावर चाऱ्यासाठी लावतात ते अंजन गवतही याच घरातले. भोगीच्या दिवशी तीळ लावून थापलेली बाजरीची भाकरी आणि बिकानेरच्या टोचऱ्या गवताचा दाणा यांत एवढे जवळचे नाते आहे.

बाजरी मूळची साहेलचीच. माली देशाच्या उत्तरेकडे, तिलेम्सी खोऱ्यात, इ. स. पूर्व २५००च्या सुमाराच्या खापरांमध्ये लागवडीखालच्या बाजरीच्या खुणा मिळाल्या आहेत. तिथून निघून इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात ती भारतात पोहोचली. मॉरिटानियात धर तिशीत नावाच्या कड्याच्या काठाने प्राचीन दगडी वस्त्यांचे अवशेष आहेत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पॅट्रिक मन्सन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने तिथल्या खापरांवर उमटलेल्या दाण्यांच्या ठशांचा अभ्यास केला. मडके घडवताना ओल्या मातीत अडकलेला दाणा भाजताना जळून जातो आणि मागे त्याचा साचा राहतो. त्या साच्यांत बाजरी होती, आणि भुरटही होती. आधी भुरटीसारखी रानगवते गोळा करत होते, मग बाजरीची शेती आली, असा क्रम मन्सन यांनी मांडला. पुढे सिल्वी आंब्लार यांच्या अभ्यासाने बाजरी तिथे मन्सन यांना वाटले त्याहून आधीपासून होती असे दाखवले. क्रम कोणताही धरला तरी दोन्ही धान्ये एकाच चुलीवर शिजत होती, यात शंका उरत नाही.

मग बाजरी शेतात आली आणि भुरट रानातच का राहिली? याचे उत्तर बोंडीतच आहे असे वाटते. बाजरीच्या रानटी पूर्वजालाही दाण्याभोवती केस असतात, पण ते मऊ असतात. दाणा कणसाला धरून ठेवणारी एखादी जात निवडली की काम निम्मे झाले. भुरटीत दाणा काट्यांच्या वाटीत बंद, वाटी पिकताच गळणारी, आणि वाटीशिवाय बी पसरण्याचा तिला दुसरा मार्ग नाही. तिला माणसाळवायचे म्हणजे तिचा सगळा स्वभाव बदलणे आले. हजारो वर्षांत कुणाला ते जमले नाही, किंवा बाजरी हाताशी असताना कुणाला त्याची गरज वाटली नाही.

आता पुन्हा थरकडे. राजस्थानात दुष्काळाचे प्रकार सांगण्याची एक जुनी रीत आहे. धान्य नाही तो अन्नकाळ, पाणी नाही तो जळकाळ, चारा नाही तो तृणकाळ, आणि तिन्ही नाही तो त्रिकाळ. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ हा असा त्रिकाळ होता. त्याचे नाव राजस्थानात आजही दचकून घेतात. तो दुष्काळ मुंबई इलाख्यातही होता, गुजरातेत होता, खानदेशात आणि अहमदनगरात होता. त्याच्या पाठोपाठ १९०२ मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात दुष्काळात आणि टंचाईत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची टिपणी प्रसिद्ध केली. त्याआधी १८६८-६९ च्या राजपुतान्यातल्या दुष्काळानंतर जॉर्ज किंग यांनी मारवाडातल्या दुष्काळी अन्नावर टिपण लिहिले होते. पुढे १९७४ मध्ये, जोधपूरच्या विद्यापीठात शिकवणारे एम. एम. भंडारी यांचा राजस्थानी वाळवंटातल्या दुष्काळी अन्नावरचा लेख ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात आला. भारतीय वाळवंटाच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ त्यानंतरचा.

या अभ्यासकांचे ऋण मोठे आहे. त्यांनी लिहिले नसते तर आज या विषयावर बोलायला आधारच नसता. पण त्यांच्या याद्या दुष्काळाच्या निमित्ताने झाल्या आणि त्यामुळे भुरट कायमची ‘दुष्काळी अन्न’ या रकान्यात जाऊन बसली. त्या रकान्यातल्या वस्तूचे पुढे काय होते ते सर्वांना माहीत आहे. कृषी विद्यापीठे तिच्याकडे वळत नाहीत, आहारतज्ज्ञ मोजमाप करत नाहीत, आणि ती खाणाऱ्याला स्वतःलाच तिची लाज वाटू लागते. टॉड यांनी जे रोजचे जेवण म्हणून नोंदवले ते दीडशे वर्षांत विपत्तीची निशाणी होऊन बसले.

भुरटीचा खरा उपयोग या दोन टोकांच्या मधला आहे, आणि तो समजून घ्यायला सुदानातल्या एका अभ्यासाची मदत होते. दारफूरमध्ये १९८४-८५ साली मोठा दुष्काळ पडला. अ‍ॅलेक्स द वाल यांनी तिथे राहून त्या दुष्काळाचा अभ्यास केला आणि १९८९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटत होते की ही माणसे सर्वस्व गमावून रानातली बोरे आणि गवताचे बी खात आहेत. द वाल यांना वेगळे दिसले. घरात पुढच्या पेरणीचे बियाणे होते, दावणीला जनावरे होती. ती विकायची नाहीत, खायची नाहीत, म्हणून माणसे मुद्दाम अर्धपोटी राहत होती आणि रानातून मिळेल त्यावर भागवत होती. पाऊस आल्यावर पुन्हा उभे राहता यावे यासाठी केलेला तो विचारपूर्वक बेत होता. भुरटीकडे या नजरेने पाहिले की थरमधली बाईसुद्धा वेगळी दिसते. बाजरीची कोठी लवकर रिकामी होऊ नये म्हणून ती चांगल्या वर्षीही पिठात भुरट मिसळत असे. ती घराचा वर्षाचा हिशेब सांभाळत होती.

अर्थात रानातल्या अन्नाने दुष्काळ टळतो असे कुणी समजू नये. छप्पनियात माणसे मेलीच, आणि ज्या वर्षी गवतही उगवले नाही त्या वर्षी तर हा आधारही नव्हता. चाडमध्ये २०१२ सालच्या टंचाईत बायका मुंग्यांची वारुळे खणून मुंग्यांनी साठवलेले दाणे काढत होत्या. अशा बातम्या वाचून या ज्ञानाचे कौतुक करणे क्रूरपणाचे ठरेल. त्या बायकांना शिधा मिळायला हवा होता. २००१ मध्ये राजस्थानातल्या दुष्काळात सरकारी गोदामे धान्याने भरलेली असताना माणसे उपाशी होती, आणि त्यातूनच अन्नाच्या हक्काचा दावा सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. तो हक्क पहिला. रानधान्याचे ज्ञान त्याच्या जागी ठेवायचे नसते, ते त्याच्या जोडीला टिकवायचे असते.

आणि ते टिकताना दिसत नाही. गवत मात्र टिकले आहे, काही ठिकाणी वाढलेही आहे, आणि ती चांगली खूण नाही. थरचे खरे वैभव म्हणजे सेवण. हे बारमाही, खोल मुळांचे, वाळू धरून ठेवणारे गवत जैसलमेरच्या पशुपालनाचा कणा होते. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या आणि आज इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्याचे पाणी जसजसे पश्चिमेकडे सरकले तसतशी सेवणची कुरणे नांगराखाली आली. ट्रॅक्टरने सेवणचे जुने ठोंब उपटले. जी कुरणे उरली त्यांवर चराईचा भार वाढला. बारमाही गवत असे मागे हटते तेव्हा मोकळ्या झालेल्या वाळूत भुरटीसारखी वर्षायू गवते शिरतात. ज्या कुरणात जिकडेतिकडे भुरटच दिसते ते कुरण खंगलेले आहे असे जाणकार समजतात. जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणजे ‘काझरी’, १९५९ पासून या प्रदेशाचा अभ्यास करते आहे. तिथे सेवण आणि धामण या गवतांवर पुष्कळ काम झाले, ते रास्तच होते, कारण जनावरांना चारा हवा होता. माणसाने खाल्लेल्या भुरटीच्या दाण्याकडे तितके लक्ष गेले नाही.

घरांमध्ये गव्हाचे पीठ आले, शिधावाटपाचा गहू आला. हे चांगलेच झाले. कुणीही बाईला पुन्हा काटे कुटायला लावू नये. पण भुरट कधी झाडायची, किती वाळवायची, किती कुटली की काटा मोडतो आणि दाणा मोडत नाही, बाजरीत किती प्रमाणात मिसळायची, हे सारे हातात असलेल्या बायका आता फार म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि शास्त्रीय लेखांत हा तपशील दोन-तीन ओळींत उरकलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९६ मध्ये आफ्रिकेच्या विस्मृत धान्यांवर एक जाड खंड काढला आणि त्यात रानगवतांना स्वतंत्र प्रकरण दिले, क्रम-क्रमलाही जागा दिली. थरच्या रानधान्यांना अजून तेवढा मान मिळालेला नाही.

मराठी वाचकाने यात रस का घ्यावा, याचे उत्तर भाद्रपदातल्या पंचमीला मिळते. ऋषिपंचमीला घरोघरी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नसते. नांगर न लागलेल्या जमिनीतल्या भाज्या शिजतात, आणि जिथे मिळतो तिथे पाणथळ जागी आपोआप उगवलेला देवभात खातात. वर्षातून एक दिवस का होईना, शेतीबाहेरच्या अन्नाला महाराष्ट्रात देवाच्या ताटाचा मान आहे. त्याच महाराष्ट्रातल्या कोरड्या पट्ट्यात टंचाईच्या वर्षी बरबड्याचे बी दळून खाल्ले गेले. बरबडा गवत नव्हे, तो शेंगा धरणारा, पण भुरटीचीच कहाणी त्याच्याही वाट्याला आली. १९७२च्या दुष्काळाची आठवण निघाली की सुकडी, परदेशी मिलो ज्वारी आणि खडी फोडण्याची कामे यांच्याबद्दल सगळे बोलतात. रोजगार हमी योजना त्यातूनच आली, तिच्यावर ग्रंथ झाले. पण त्या वर्षी माळावरून कोणी काय वेचून आणले, हे फारसे कुणी लिहून ठेवलेले नाही.

भुरटीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यापुढे कामे सरळ आहेत. दाण्याचे पोषणमूल्य थरच्या वेगवेगळ्या जागच्या नमुन्यांवर मोजले पाहिजे. काट्यातून दाणा सोडवणारे एखादे साधे यंत्र करून पाहिले पाहिजे, कारण अडचण सगळी तिथेच आहे. बाजरीची ही सख्खी नातलग उष्णता आणि टंचाई कशी सोसते, हे बाजरी सुधारणाऱ्यांनी तपासले पाहिजे. आणि साहेलच्या बायका व थरच्या बायका यांच्या रीती शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत, ते काम तर कुणी हातीच घेतलेले दिसत नाही.

माण, खटाव, जत, आष्टी, करमाळा अशा तालुक्यांत ज्यांची मुळे आहेत त्यांना एक विनंती. घरात सत्तरी ओलांडलेली आजी, आत्या, मावशी असेल तर तिला विचारा : पेरल्याशिवाय उगवलेले कोणते बी खाल्ले, कोणत्या महिन्यात वेचले, कडूपणा किंवा काटा कसा काढला, कशात मिसळले आणि किती. तिने दिलेले नाव तिच्याच बोलीत लिहा. ती झाड दाखवू शकली तर त्याची फुला-बियांसकट एक काडी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, गाव आणि तारीख घाला, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन ओळख पटवून घ्या. येत्या सुट्टीत हे काम होण्यासारखे आहे.